लेकीकडे गेलात की चार दिवस एकट्यानं व्हिएन्नाला जा

मुलं परदेशात असली की आपली तिकडची वारी ठरलेली. नव्वद दिवस. पहिला महिना कौतुकात जातो, दुसऱ्यात आपण त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे लावायला घेतो आणि तिसऱ्यात खिडकीत बसून ट्राम मोजतो. शनिवार-रविवार पोरं फिरवतात, पण त्यांच्या पायांच्या वेगानं आणि त्यांच्या आवडीनं. माझा जावई गुणाचा आहे, फक्त त्याला डोंगर दिसला की चढावंसं वाटतं. माझे गुडघे सांगलीच्या सपाटीवर वाढलेले.

मे महिन्यात दोघांनी चार दिवसांचा ट्रेक ठरवला आणि मी म्हटलं, मग मी व्हिएन्नाला जाते. एकटी. लेक म्हणाली, "आई, तुला जर्मन येतं का?" मला कानडीही येत नाही, पण मिरजेच्या बाजारात माझं कधी अडलं नाही. तर त्या चार दिवसांतून जे शिकले ते सांगते. वय एकसष्ट, पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून एकतीस वर्षं नोकरी, म्हणजे आयुष्य नकाशांवर ट्रेसिंग पेपर टाकण्यात गेलेलं. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचं व्हिएन्नाही वेगळं निघेल, आणि तसंच ते निघू द्या.

आधी शहर कसं निवडलं ते. लेक म्युनिकला. तिथून थेट गाडीनं चार तासांत पोचता येईल अशी राजधानी म्हणजे व्हिएन्ना. प्रागला क्राउन, बुडापेस्टला फोरिंट, म्हणजे पैसे बदलायची कटकट. व्हिएन्नाला युरोच चालतो. मुलीकडे येण्यासाठी काढलेला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला, ऑस्ट्रियातही चालतो आणि जर्मनीतून तिकडं जाऊन परत येणं ही नवी एन्ट्री धरली जात नाही. लंडन मात्र या व्हिशात बसत नाही, डब्लिनही नाही. प्रवासविम्याचा कागद एकदा नीट वाचा: व्हिशासाठी तीस हजार युरोंचा विमा काढलेलाच असतो, तो एकट्या जर्मनीपुरता नाही ना, सगळ्या शेंगेन देशांना लागू आहे ना, एवढं बघायचं. आणि पासपोर्ट बरोबर घ्यायचा. तिथल्या तिथं तर जायचंय, म्हणून तो लेकीच्या कपाटात ठेवायचा नाही. फोनमध्ये लेकीनं घेऊन दिलेलं जर्मन सिम ऑस्ट्रियातही त्याच दरात चालतं.

आता लाँग वीकेंडची गोम. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी येते. ती कायम गुरुवारीच असते आणि दोन्ही देशांत असते. लोक मधला शुक्रवार टाकतात आणि चार दिवस मोकळे करतात. म्हणजे तुम्हाला जी सुट्टी सोयीची, तीच अख्ख्या बव्हेरियाला, म्हणजे म्युनिकच्या राज्याला, सोयीची. तिकीट लवकर काढलं तर निम्म्याहून स्वस्त पडतं, हे मला कळलं होतं. तिकीट म्हणजे जागा नव्हे, हे कळलं नव्हतं. तिकडं प्रवासाचं तिकीट वेगळं आणि बसायच्या जागेचं आरक्षण वेगळं, वर तीन-चार युरो देऊन करायचं. मी रिकाम्या खिडकीत ऐटीत बसले, तेवढ्यात चार जणांचं कुटुंब आलं आणि त्यांनी माझ्या डोक्यावरच्या छोट्या पाटीकडे बोट केलं. आरक्षणाची पाटी दिव्याची असते, मी ती शोभेची समजले होते. साल्झबर्गपर्यंत दीड तास दाराजवळ बॅगेवर बसून गेले. पंढरपूरच्या एस्टीत याहून वाईट प्रवास केलाय, पण तिथं पैसे वाचवले म्हणून नव्हे. तीन युरो भरा.

दुसरी गोम पोचल्यावर कळली. सुट्टीच्या दिवशी आणि दर रविवारी तिथली दुकानं बंद असतात. बंद म्हणजे खरोखर बंद, शटर अर्धं उघडून "या, या, काय पाहिजे" असं नाही. किराणा हवा असेल तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात. तेव्हा मुख्य स्टेशनात उतरल्या उतरल्या, हॉटेलकडे निघण्याआधीच, ब्रेड, दही, फळं घेऊन टाका. मी ते न करता पुढं गेले. पण माझ्याकडे भडंग होतं. चुरमुरे म्युनिकच्या भारतीय दुकानातले, मसाला घरून नेलेला, लसूण भरपूर. पहिल्या रात्री हॉटेलच्या खोलीत भडंग आणि नळाचं पाणी. खोलीला दुसऱ्या दिवशीपर्यंत सांगलीच्या हरभट रोडचा वास होता.

त्या नळाच्या पाण्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. व्हिएन्नाचं पाणी आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं. पहिली वाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. पाणी नुसत्या उतारावर वाहत शहरात येतं, पंप नाही. पहिल्या वाहिनीतून यायला साधारण एक दिवस लागतो, दुसरीतून दीड. म्हणजे तुम्ही आज सकाळी तोंड धुता ते पाणी काल कुठंतरी बर्फाच्या डोंगराखाली होतं. आयुष्यभर कालव्यांचे उतार कागदावर ओढलेल्या बाईला हे कळल्यावर झोप कशी लागणार? विकतची बाटली घेऊ नका. रस्त्यात जागोजागी प्यायचे नळ आहेत, रिकामी बाटली जवळ ठेवायची. हॉटेलात "लाइटुंग्सवासर" म्हटलं की नळाचं पाणी आणून देतात.

राहायला मुख्य स्टेशनाच्या किंवा पश्चिम स्टेशनाच्या आसपास पाहा. जुन्या गावाच्या मधोमध राहण्याचे पैसे द्यायची गरज नाही, कारण भुयारी रेल्वे दहा मिनिटांत नेऊन सोडते. शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री ती रात्रभर चालते, तेव्हा एकट्या बाईला परतायची चिंता नाही. मी तीन दिवसांचा पास घेतला. तो पहिल्यांदा वापरताना निळ्या मशीनमध्ये घालून ठसा मारायचा असतो. आत जायला फाटक नाही, कुणी तिकीट विचारत नाही. म्हणून कुणी विचारणारच नाही असं समजू नका. तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्या लोकांची. रस्त्यावर लाल पट्टा दिसला तर तो सायकलवाल्यांचा, त्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. मी काढला, घंटी आणि शिव्या दोन्ही मिळाल्या. जर्मन न येण्याचा एवढा एक फायदा.

निघण्याआधी एक काम करा. शहराचा नकाशा घ्या आणि त्यावर तुमच्या हातानं खुणा करा. मी ट्रेसिंग पेपर टाकून चारच रेघा ओढल्या. जुनं गाव, त्याभोवती घोड्याच्या नालेसारखा रिंग रस्ता, नालेचं तोंड बंद करणारा कालवा, आणि दूर ईशान्येला खरी डॅन्यूब. पुष्कळ लोक त्या कालव्यालाच नदी समजून फोटो काढून परततात. रिंग म्हणजे जुन्या तटबंदीची जागा. सम्राट फ्रान्झ योसेफनं १८५७ साली तट पाडायचा हुकूम दिला आणि १८६५ साली तिथं रस्ता खुला केला. एकदा हा नकाशा डोक्यात बसला की हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही.

गुरुवार संध्याकाळ चित्रांच्या मोठ्या संग्रहालयाला द्या, कारण कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि गर्दी पाचनंतर ओसरते. सगळं पाहायचं नाही. एक दालन निवडा. मी ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या दालनात दोन तास होते, त्यातला तासभर एकाच चित्रासमोर. १५६३ सालचं 'बाबेलचा मनोरा', बायबलातल्या गोष्टीवरचं. लांबून भलामोठा गोल मनोरा, ढगात घुसलेला. जवळ गेलात की साइट दिसते. दगड वर ओढायची लाकडी यारी, तिच्या चाकात पाय मारणारी माणसं, बंदरात उतरलेला माल, अर्धवट कमानींखाली मजुरांनी थाटलेल्या झोपड्या. आणि खाली डाव्या कोपऱ्यात राजा पाहणीला आलेला. पाथरवट हातातलं काम टाकून गुडघ्यांवर. मला हसूच फुटलं. मुख्य अभियंता साइटवर आले की आमच्याकडंही अगदी हेच व्हायचं, फक्त गुडघे टेकायचे नाहीत, चहा-पोहे निघायचे. शेजारी कुणी असतं तर हे सगळं समजावत बसले असते आणि निम्मं बघायचं राहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी श्टेफान्सडोम. हे मोठं चर्च बाहेरून फिरून पाहा, छपरावरच्या रंगीत कौलांची नक्षी आमच्या जुन्या घोंगड्यांसारखी नागमोडी आहे. दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, गोल आणि अरुंद. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. गुडघे कुठल्या मनोऱ्याचे आहेत ते तुमचं तुम्हाला माहीत. शोनब्रुन राजवाडा मी आतून पाहिलाच नाही. बाग फुकट आहे, तिथंच हिंडले. आत जायचंच असेल तर वेळेचं तिकीट आधी घरून काढा.

दुपारी कॉफीहाउस. एकट्या माणसासाठी या शहरानं केलेली सर्वांत मोठी सोय ही. मी गुम्पेनडॉर्फर रस्त्यावरच्या श्पेर्लमध्ये गेले, १८८० सालचं, आत बिलियर्डची टेबलं. आपली आपण जागा धरायची. "मेलांज" मागायचं, म्हणजे दुधाचा फेस असलेली कॉफी. ती छोट्या चंदेरी ताटलीत येते, शेजारी पाण्याचा पेला, पेल्यावर पालथा चमचा. मग तीन तास बसा, पेपर चाळा, चिठ्ठ्या लिहा, कुणी तोंडासमोर फडकं मारत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही. मी पाऊण तास वाट पाहिली, मग शेजारच्या आजोबांनी शिकवलं: "त्साहलेन, बिटे." वेटर रक्कम सांगतो तेव्हा त्यात पाच-दहा टक्के वर धरून आपणच आकडा बोलायचा, टेबलावर नाणी सोडून जायची पद्धत नाही. रोख पैसे जवळ असू द्या.

खाण्याचं शाकाहारी माणसाला अवघड नाही, पण तीन सापळे आहेत. "केझेक्राइनर" या नावात चीज ऐकू येतं, प्रत्यक्षात ते चीज भरलेलं सॉसेज असतं. "फ्रिटाटेनझुपे" या सारात धिरड्याच्या पट्ट्या तरंगतात, दिसायला निरागस, पण पाणी गोमांसाचं. तिसरा सापळा म्हणजे भाज्यांची सूपंही बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात केलेली असतात. तेव्हा "ओने फ्लाइश", म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणून शिवाय हातानं नाही म्हणून दाखवायचं. अंडं चालत असेल तर "कायझरश्मार्न" जरूर घ्या. जाड गोड धिरडं तव्यातच फाडून, वर पिठीसाखर आणि आलुबुखाराची चटणी. आपलं धिरडं मोडलं की आपण ते पोरांच्या ताटात सारतो, यांनी त्याला सम्राटाचं नाव दिलंय. मे-जूनमध्ये पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेला बटाटा, लोण्याची धार आणि वर मीठ, मला दोनदा पुरलं.

आता ऑपेरा, म्हणजे त्यांचं संगीत नाटक. सांगलीच्या माणसानं व्हिएन्नाला जाऊन ऑपेरा चुकवला तर घरी परतल्यावर कुणाला तोंड दाखवायचं? आमच्याकडे विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' १८४३ साली केलं, ही ऑपेराची इमारत उघडली १८६९ साली. म्हणजे वडिलकी आमची. इमारतीची कहाणी वाईट आहे. बांधकाम चालू असताना लोकांनी इतकी टिंगल केली की दोन वास्तुविशारदांपैकी एकानं १८६८ साली जीव दिला आणि दुसरा त्याच वर्षी आजारानं गेला. उघडलेली त्यांनी पाहिलीच नाही. मी आत शिरताना क्षणभर थांबले. ज्यांचा नकाशा चारचौघांत साहेबांनी फाडलाय त्यांना हे कळेल.

चांगल्या खुर्चीचं तिकीट शेकड्यांत जातं. तुम्ही उभ्याचं काढा. चारशेच्या वर उभ्या जागा आहेत आणि मी वीस युरोंच्या आत आत गेले. प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहापासून ऑनलाइन मिळतात, उरलेल्या प्रयोगाच्या ऐंशी मिनिटं आधी खिडकीवर. खिडकी बाजूच्या ऑपर्नगासे रस्त्याला. दोन तास आधी रांगेत उभं राहा आणि "पार्टेर" मागा. ती जागा सम्राटाच्या बॉक्सच्या बरोबर खाली आहे, आवाज आणि नजर दोन्ही सरळ. आत गेल्यावर कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन या, कुणी हात लावत नाही. एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच, असं इतके दिवस वाटायचं. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर शब्दांचं भाषांतर चालू राहतं. मी इरकली नेसले होते आणि खाली खेळाचे बूट, साडीत काही दिसत नाही. कोट आणि मोठी बॅग बाहेर जमा करावी लागते.

गोष्ट मात्र आधी वाचून जा. मला लेकीनं फोनवर सांगितली होती, म्हणून पडद्याकडे कमी आणि गाणाऱ्यांकडे जास्त पाहता आलं. पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या आणि माझ्या तोंडातून "वन्स मोअर" निसटता निसटता राहिलं. पाय दुखले तर मध्यंतरानंतर निघून जायला लाज वाटू देऊ नका, कितीजण जातात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद असतो, त्या महिन्यांत गेलात तर ही अख्खी संध्याकाळ हातची जाते. आणि बाहेर मोझार्टचा टोप घालून तिकिटं विकणारे उभे असतात, ती या इमारतीतल्या ऑपेराची नसतात. पर्यटकांसाठीच्या वेगळ्या मैफिली असतात.

शनिवारी सकाळी नाशमार्क्टच्या टोकाला जुना बाजार भरतो. लवकर जा. तिथं मला एक कंपासपेटी मिळाली, आत निळं मखमल, शाईनं रेघा ओढायच्या रुलिंग पेनचं पातं अजून सरळ. विकणाऱ्यानं चाळीस म्हटलं, मी वीस, शेवटी अठ्ठावीस. त्यानं पेटी कागदात गुंडाळताना मी हातवाऱ्यानं सांगितलं की असल्या पेनानं मी धरणं काढलीत. त्याला कितपत कळलं देव जाणे, पण एक शाईची बाटली त्यानं फुकट दिली.

दुपारी जे पाहिलं त्यासाठी खरं तर मी गेले होते. श्टेफान्सप्लाट्झवरून भुयारी रेल्वेची यू-१ घ्या, पाचवं स्टेशन डोनाउइन्झल. गाडी नदीवरच्या पुलाच्या पोटातून जाते आणि तुम्ही पुलावरच उतरता. हा राइशब्र्युके पूल १९८० सालचा. आधीचा १९७६ साली ऑगस्टच्या एका रविवारी पहाटे कोसळला, रस्ता रिकामा होता म्हणून एकच माणूस गेला. पुलावरून खाली पाहा. दोन नद्या दिसतील, मध्ये बेट. डावी-उजवी दोन्ही डॅन्यूबच, पण एक माणसानं खणलेली. १९७२ ते १९८८ अशी सोळा वर्षं त्यांनी नदीला समांतर दुसरं पात्र खणलं आणि निघालेल्या मातीचं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट केलं. एरवी नव्या पात्राची दारं बंद असतात, पाणी तळ्यासारखं स्थिर, पोरं पोहतात. पूर आला की दारं उघडतात आणि जादा पाणी तिकडून काढून देतात. दोन्ही पात्रं मिळून सेकंदाला चौदा हजार घनमीटर पाणी जाईल असा हिशेब धरलाय. १५०१ सालचा महापूर डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या भाषेत सुमारे चार लाख चौऱ्याण्णव हजार क्युसेक.

सांगलीत क्युसेक हा शब्द शाळेतली पोरंही बोलतात. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती चाललंय, आयर्विन पुलाची पातळी किती. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ साली सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आमच्या माळ्यावर शेजारची तीन कुटुंबं होती. मी त्या बेटावर गवतात बसून उरलेलं भडंग खाल्लं आणि पाचशे वर्षांपूर्वीचा पूर लक्षात ठेवणाऱ्या माणसांचा हेवा केला. नदी अरुंद आहे, खोरं वेगळं आहे, कृष्णेला असं करता येणार नाही, हे सगळं मला माहीत आहे. आमच्या ऑफिसात यावर जन्मभर वाद ऐकलेत. तरी हेवा केला. तुम्हाला पुराचं काही नसेल तर सायकल भाड्यानं घ्या आणि बेटावर फिरा, रस्ता सपाट आहे.

रविवारी बॅग हॉटेलात ठेवून ७१ नंबरची ट्राम धरली. ती मध्यवर्ती दफनभूमीला जाते. व्हिएन्नाचे लोक माणूस गेला की "त्यानं ७१ धरली" म्हणतात. दोन नंबरच्या फाटकाशी उतरायचं, बेटहोफन, शूबर्ट, ब्राह्म्स या संगीतकारांच्या कबरी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी आहेत. तासभर पुरे. स्वच्छतागृहासाठी पन्नास सेंटची नाणी मात्र खिशात हवीतच, दफनभूमी असो की स्टेशन.

एकटीनं फिरण्याची लोकांना भीती वाटते ती मला फक्त एकदा वाटली, पहिल्या रात्री, हॉटेलच्या दाराला आतून कडी सापडेना तेव्हा. दार ओढलं की आपोआप लागतं, एवढंच होतं. लेकीला सकाळ-संध्याकाळ एक निरोप, फोनमध्ये तिला माझी जागा दिसेल अशी सोय, आणि ११२ हा आणीबाणीचा नंबर. त्यापलीकडे काही केलं नाही. गाडी, तीन रात्री, तिकिटं, खाणं आणि कंपासपेटी धरून खर्च पाचशे युरोंच्या आतबाहेर झाला.

परतीचं आरक्षण दुपारच्या गाडीचं करा, संध्याकाळच्या गाड्या सुट्टीवरून परतणाऱ्यांनी तुंबतात. पासपोर्ट वरच्या फळीवरच्या बॅगेत टाकू नका. जर्मनीत शिरताना पोलीस डब्यात चढले, माझा पासपोर्ट बॅगेत, बॅगेवर चौघांच्या बॅगा. पोलीसदादांनीच त्या उतरवल्या. पासपोर्टाआधी कंपासपेटी हाताला लागली, ती त्यांनी उघडून पाहिली, रुलिंग पेनाचं टोक अंगठ्यावर टेकवलं आणि मग व्हिसा पाहिला.